हनुवटीवरची खोक

म्हाताऱ्या न्हाव्याचा हात कापायचा. वस्तरा धरला की पालीच्या तुटलेल्या शेपटीसारखा वळवळायचा. गिऱ्हाइकं मुलाकडे वळली. मुलाने बापाची खुर्ची कोपऱ्यात ढकलली आणि तिच्यावर टॉवेल वाळत घातले.

"बाबा, आता आराम करा."

आराम! धडधाकट माणसाला सांगतात का हे?

त्या दुपारी तो पेटी घेऊन इस्पितळात गेला, आजारी मेव्हण्याची दाढी करायला. मेव्हण्याला तपासणीला नेलं होतं. शेजारच्या खाटेला पडदा लावलेला. आतून बारीक आवाज आला.

"मामा... माझी करता? घरचे येणारेत. असा रानटी नको दिसायला."

"हात कापतो माझा."

"कापू दे."

"गालाची चाळण झाली तर बोंबलायचं नाही!"

"नाही... पण फुकट कुणाचं घेत नाही मी. फेडीन."

"गप पड. तोंडात फेस जाईल."

पहिल्याच हाताला हनुवटीवर खोक पडली. रक्त आलं नाही. म्हातारा उलट खूश झाला. मग नवलच झालं, हात स्थिरावला. वस्तरा लोण्यातून फिरावा तसा फिरला. गाल गार लागत होते. त्याला वाटलं, पाणीच गार आहे. तुरटी फिरवून त्याने सवयीने आरसा समोर धरला.

"बघ बाबा."

डोळे मिटलेलेच.

पडदा सर्रकन सरकला. वॉर्डातली मावशी किंचाळली, "अहो, हे काय करताय? तो सकाळीच गेलाय!"

"आत्ता... बोलला माझ्याशी..."

म्हातारा धडपडत दुकानात आला. मुलगा त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला.

"बाबा, दाढी कुणी केली तुमची?"

आठवड्याचे खुंट गायब. गाल गुळगुळीत, तुरटीचा वास. आणि हनुवटीवर खोक. तिच्यातून रक्त ठिबकत होतं.

तेव्हापासून हात कापला नाही. म्हातारा रोज इस्पितळात जाऊन रोग्यांची दाढी करतो, पोटभर जेवतो, मेल्यासारखा झोपतो. कोपऱ्यातली खुर्ची मुलाने गुमान पुढे आणलीय. सगळं झकास.

फक्त रोज सकाळी उठावं तर स्वतःची दाढी झालेली असते. पेटीतला ब्रश ओला.

आज उजाडताना नाकाशी आरशाची गार काच टेकली. स्वतःचाच श्वास परत तोंडावर आला.

"बघा मामा..."

म्हाताऱ्याने डोळे घट्ट मिटून घेतले. काच अजून हललेली नाही.