सावरणी

जळगावात आता कुणाच्या दाराला कुलूप नसे. चौकटीवर वाटाण्याएवढा एक दिवा असे. तो हिरवा झाला की आलेला माणूस आपला, तांबडा झाला की परका, त्याला दार बंद. सकाळी घरच्या दिव्यानं दिलेली ओळख मग दिवसभर बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या फाटकावर चाले. त्यामागच्या यंत्रणेचं सरकारी नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं, आणि विदुला टिळेकरला याचाच अभिमान होता. अवघड यंत्रणा लोकांना जाणवणारसुद्धा नाही इतकी सोपी करून देणं, हेच तिचं काम होतं.

मुळात ती सोपी मुळीच नव्हती. पासवर्ड चोरीला गेले, बोटांचे ठसे छापले जाऊ लागले, चेहरे आणि आवाज तर शाळकरी पोरं हुबेहूब बनवू लागली. तेव्हा शास्त्रज्ञांनी माणसाच्या ओळखीचा पुरावा त्याच्या अंगावर शोधणं सोडलं आणि त्याला ओळखणाऱ्यांकडे शोधला. ओळखीचं माणूस दिसलं की पाहणाऱ्याच्या मेंदूत पाव सेकंदात एक बारीक विद्युतलहर उठते, 'अरे, ही तर आपली मालू' असे शब्द मनात जुळायच्या आधीच. त्या लहरीला ओळखलहर म्हणू लागले. ती ठरवून आणता येत नाही, दाबून ठेवता येत नाही. कानामागं चिकटवलेली टिकली ती टिपते आणि दाराच्या दिव्याला कळवते.

पहिल्या पहिल्यांदा दाराजवळच्या पडद्यावर आलेख आणि अकरा आकडे दिसत. लोक हबकले. "बायको मला बासष्ट टक्केच ओळखते म्हणजे काय हो?" असं विचारायला माणसं कचेरीत यायची. विदुलानं सगळे आकडे काढून टाकले आणि फक्त दिवा ठेवला. तरी कुणाला ताप आला, झोप झाली नाही, भांडण झालं की लहर मंदावायची आणि दिवा डळमळायचा. मग तिनं 'सावरणी' बसवली. लहर कमी पडली की दिवा आपल्या पोटातल्या जुन्या लहरींमधून ती भरून काढी. तक्रारी थांबल्या. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली होती.

त्या मंगळवारी सकाळी रघुनाथ कोष्टी आणि त्यांची बायको सिंधूबाई तक्रारखिडकीशी आले. रघुनाथराव एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. वानरांनी त्यांच्या दारावरचा दिवा उपटून नेला होता. नवा बसवला, तर तो तांबडाच राहिला.

"ताई, चाळीस वर्षांचा संसार आमचा," रघुनाथराव म्हणाले. "आणि तो दिवा म्हणतो, मी परका. स्वतःच्या घरात खिडकीतून शिरतोय मी."

विदुलानं डॉक्टर फिरोज तडवींना बोलावलं. ते यंत्रणेचे मेंदूशास्त्रज्ञ होते. त्यांनी सिंधूबाईंना खुर्चीत बसवलं, टिकली तपासली, नवऱ्याला समोर उभं केलं आणि जुना आलेखाचा पडदा लावला. रेघ सरळ गेली. पुन्हा पाहिलं. पुन्हा सरळ.

"दिवा बरोबर आहे," डॉक्टर हळूच म्हणाले.

"बरोबर कसा?" रघुनाथराव तडकले. "तिला विचारा ना, मी कोण ते!"

"काका, तोंडानं सांगणं वेगळं. कपड्यांवरून, चालीवरून, वेळेवरून आपण माणूस ताडतो. पण चेहरा पाहिल्याबरोबर आतून जे 'आपलं' वाटतं ना, ती लहर. ती यांच्यात उठत नाहीये. जुन्या दिव्यात जुन्या लहरी साठलेल्या होत्या, म्हणून तो हिरवा राहायचा. नव्याचं पोट रिकामं आहे."

सिंधूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "खरं सांगू का?" त्या म्हणाल्या. "तीन-चार वर्षं झाली, मला हे आपले वाटत नाहीत. वाटायचं, आपलंच काही चुकतंय. दिवा तर हिरवा असायचा. आणि माणूस भला आहे. कशाला बोलून दाखवायचं?"

रघुनाथरावांनी टोपी काढली, उलटसुलट करून पाहिली आणि तशीच हातात धरली.

ते दोघं गेल्यावर विदुला म्हणाली, "आजार असेल काही. आता वय झालं त्यांचं."

"मीही तेच धरून चाललो असतो," डॉक्टर म्हणाले. "पण विदुलाताई, पूर्वी लोकांना पन्नास-पन्नास फोन नंबर पाठ असायचे. फोननं ते लक्षात ठेवायला सुरुवात केली आणि आपल्याला स्वतःचाही आठवेना. मेंदू मोठा आळशी. जे काम दुसरं कुणी करतं, ते तो टाकून देतो. दार उघडताना आधी दिव्याकडं बघायची सवय लागली आपल्याला. चेहऱ्याकडं बघायचं कारणच उरलं नाही."

त्यांनी दोन दिवसांत कचेरीतल्या चाळीस जणांच्या घरचे दिवे उघडून पाहिले. एकतीस घरांत रेघ सरळ होती. दिवे मात्र चाळीसही हिरवे. शुक्रवारी दुपारी त्यांनी तो कागद विदुलाच्या टेबलावर ठेवला.

"सावरणी बंद केली तर मेंदूला पुन्हा कष्ट करावे लागतील," ते म्हणाले. "कदाचित लहर परत येईल. कदाचित नाही. पण त्या संध्याकाळी पाऊण गाव आपल्याच दारात परकं ठरेल. तुम्ही बसवलीय, तुम्हीच सांगा."

"तुमच्या घरी पाहिलंत?"

"मी एकटा राहतो," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या घरचा दिवा राहिलाय बघायचा."

विदुला त्या दिवशी लवकर घरी गेली. स्टूल घेऊन तिनं चौकटीवरचा दिवा स्क्रू काढून उतरवला आणि टेबलावर ठेवला. सहाच्या सुमाराला तिचा नवरा निशिकांत त्यांच्या आठ वर्षांच्या रेवाला चित्रकलेच्या क्लासवरून घेऊन यायचा. सहा वाजता दार वाजलं.

तिनं दार उघडलं. बाहेर एक चाळिशीचा माणूस आणि एक लहान मुलगी उभी होती. विदुलाची नजर आपसूक वर गेली. तिथं स्क्रूची दोन भोकं होती. मग तिनं नेटानं त्या माणसाच्या चेहऱ्याकडं पाहिलं. कपाळ, नाक, हनुवटीवरचा व्रण, सगळं जागच्या जागी होतं. पण ते सगळं मिळून कुणीच होत नव्हतं.

तोही चौकटीकडंच बघत होता. मग जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याकडं पाहून हसावं तसा तो अदबीनं हसला.

"विदुला... आहेत का घरात?"

"मीच," ती म्हणाली. "या ना, आत या."

त्यानं चपला बाहेरच काढल्या, नीट जोडून ठेवल्या. पण मुलगी आत आली नाही. वर दिवा नाही हे तिच्या ध्यानात आलं तसा तिनं हळूच त्या माणसाचा हात सोडला. ती एक पायरी खाली उतरली आणि दोघांकडं आळीपाळीनं बघू लागली.

"मग मी कुणाजवळ जाऊ?" तिनं विचारलं.

दोघांनीही हात पुढं केले. ती आणखी एक पायरी उतरली.

विदुलानं वेळ घालवला नाही. टेबलावरचा दिवा आणला, स्टुलावर चढून पुन्हा बसवला. क्षणभर काहीच झालं नाही. मग दिवा हिरवा झाला, शांत, स्थिर, जरासुद्धा न लुकलुकता. "आई!" म्हणत पोर धावत आली आणि तिच्या पोटाशी बिलगली.

विदुलानं तिला घट्ट धरून ठेवलं. आत काहीतरी हलेल म्हणून ती वाट पाहत राहिली. मग एका हातानं फोन काढून तिनं डॉक्टर तडवींचा नंबर लावला.

"सावरणी राहू द्या," ती म्हणाली. आणि समोरच्या मुलीच्या केसांवरून हात फिरवत राहिली, कुणाच्याही मुलीच्या केसांवरून फिरवावा तसा.