ऐकल्याचा शिक्का

तोकुनागाबाईंच्या तिसरीच्या वर्गात मुलं अकरा आणि गृहपाठ रोजचा ठरलेला: घरी धडा मोठ्याने वाचायचा. पूर्वी पालक कागदावर शिक्का मारत. आता मूल टॅबसमोर वाचतं, घरचं माणूस ऐकतं आणि पडद्यावर ‘ऐकलं’ हा लाल शिक्का उमटवतं. मूल कुठे थांबलं, त्याला किती समजलं, याचा आलेख सकाळी बाईंपुढे हजर.

चिनामीचा आलेख कायम तळाला. पोरगी धडाधड वाचायची आणि अर्थ विचारला की गप्प. जुलैच्या परीक्षेतही हेच झालं, तर खाडीपलीकडच्या शाळेत, वेगळ्या वर्गात तिची रवानगी होणार होती. बाईंचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

जूनमध्ये आलेख एकाएकी चढला. बाईंना राहवेना. मधल्या सुट्टीत त्यांनी टॅबवर नोंदलेलं तिचं घरचं वाचन ऐकायला घेतलं.

“खेकड्याने शिंपला परत वाळूत ठेवला.” मग शांतता. मागे फ्रीजची घरघर. आणि चिनामीचा आवाज, “कारण तो रिकामा नव्हता.” लगेच पुढचं वाक्य.

पानोपानी तेच. थांबायची, उत्तर द्यायची. प्रश्न मात्र कुठेच ऐकू येत नव्हता.

बाईंनी तिच्या वडिलांना, कुरोइवांना, धक्क्यावर गाठलं. “रोज तिच्याजवळ बसता, बरं वाटलं हो.”

“मी?” बोटीचे दिवे पुसता पुसता ते हसले. “थट्टा करता काय बाई? संध्याकाळी पाचला मी माकुळ मासळी धरायला समुद्रात. घरी आम्ही दोघंच.”

“मग शिक्का कोण मारतं?”

“तो शाळेतूनच पडतो ना?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिनामीलाच विचारलं.

“कुणीतरी विचारतं,” ती म्हणाली.

“कोण गं?”

“मी कसं विचारणार? वाचताना मध्ये बोलायचं नाही, तुम्हीच सांगितलंय.”

बाई घाबरल्या. कुणाला न सांगता त्यांनी चिनामीच्या टॅबवरचा शिक्का बंद केला. तीन दिवसांत आलेख पुन्हा तळाला गेला. परीक्षा चार दिवसांवर आली होती. पोरीच्या मायेपुढे भीती हरली; बाईंनी शिक्का सुरू केला.

परीक्षा दुपारी, रिकाम्या वर्गात झाली. टॅब हातात धरून चिनामी वाचत होती, थांबत होती, उत्तरं देत होती. एकही चुकलं नाही.

“झालं गं बाई!” तोकुनागाबाईंचे डोळे भरून आले. “आता कुठे जायला नको. टॅब ठेव.”

चिनामीने ठेवला नाही. मान तिरकी करून ती ऐकत राहिली.

मग तिने बाईंकडे पाहिलं.

“बाई, आता तुम्हाला विचारलंय.”

“काय?”

“मध्ये तीन दिवस शिक्का का बंद केला होता?”

बाईंनी टॅब घ्यायला हात पुढे केला.

“सांगा ना,” चिनामी समजुतीने म्हणाली. “उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.”