भिंतीकडच्या बाजूनं

त्या दिवशी परतताना दुधाच्या दोन पिशव्या आणायच्या होत्या. सासूबाईंनी आदल्या रात्रीच बजावलं होतं, "निशिगंधा, धावण्याच्या नादात विसरशील." जानेवारीचा गारवा होता. पहाटे सव्वापाचला मी बुटांच्या नाड्या बांधल्या आणि खरं सांगते, मनाशी ठरवलं होतं की आजचं धावणं शेवटचं.

नारायणगुड्याला एका विमा ऑफिसात मी बसते. बसून बसूनच चाळिशीत साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, चाला. चालता चालता एक दिवस मी धावले, आणि छातीत कुठंतरी खिडकी उघडल्यासारखं झालं. नांदेडला शाळेत असताना धावायची मी. पायांना ते आठवत होतं.

पण पंधरा दिवसांपासून ते दोघं मागं लागले होते. पंचविशीतले, स्कूटरवरचे. काचीगुडा स्टेशनच्या पलीकडं रेल्वेची लांब भिंत आहे ना, तिथं गाठायचे. एका बाजूला भिंत, दुसरीकडं बंद गोदामं, मध्ये एक घर नाही की दुकान नाही.

"आंटी, ट्रेन छूट गई क्या?"

"आस्ते आंटी, रोड हिल रई!"

मग दोघांचं हसणं. ते हसणं घरी आल्यावरही कानात राहायचं. डबा भरताना, ऑफिसात फायली लावताना. नवरा, बुद्धभूषण, म्हणाला, "सोड ना. गच्चीवर चाल." शेजारीण म्हणाली, "या वयात कशाला?" जो तो मला थांबच म्हणत होता.

त्या पहाटे धुकं होतं. भिंतीजवळचे तीन दिवे बंद होते. जळक्या तेलाचा आणि ओल्या चुन्याचा वास येत होता. यार्डात कुठंतरी इंजिन नुसतंच धापा टाकत उभं होतं. मी खाली बघत धावत होते.

थोड्या वेळानं मागून स्कूटर आली. दिवा लावलेला नव्हता. इंजिनही बंद करून त्यांनी उतारावर ती नुसती सोडून दिली होती. टायरचा सरसर आवाज तेवढा येत होता.

"कां तक जारए आंटी? हम छोड़ देते..."

आज ते हसत नव्हते. मी भिंतीला आणखी खेटले. आणि तेवढ्यात दुसरा आवाज ऐकू आला.

थप... थप... थप...

अनवाणी पावलं. माझ्या पावलांशी जुळवून घेतलेली. प्रत्येक पावलाबरोबर जोडव्यांची बारीकशी टिकटिक. आणि ओल्या हळदीचा वास, अगदी जवळून, एखादी बाई आत्ताच पाय माखून आल्यासारखा.

आवाज येत होता तो भिंतीकडच्या बाजूनं. मी भिंतीला इतकी खेटून धावत होते की माझा कोपर दोनदा दगडाला घासला होता. तिथं माणूस मावणारच नव्हता.

मी मान वळवली नाही. वळवता आली नाही.

स्कूटर पुढं गेली आणि रस्त्यात आडवी उभी राहिली. ते दोघं उतरले. भिंत आणि चाक यांच्यामध्ये दोन हातांची जागा उरली होती. माझे पाय आपोआप मंदावले.

"आगकु..."

कानाजवळ. थंड श्वास, त्यात शब्द. तेलुगूत आगकु म्हणजे थांबू नकोस.

"आगकु तल्ली... आगकु..." लेकीला लाडानं म्हणतात तसं, तल्ली.

कशी धावले ते मला सांगता येणार नाही. त्या दोन हातांच्या जागेतून मी निघाले, कुणाचा तरी हात माझ्या बाहीला लागून सुटला. पुढं आल्यावर कळलं की आता फक्त माझीच पावलं वाजताहेत. ती मागंच थांबली होती. त्यांच्यापाशी.

हॉर्न वाजला, लांबलचक, आणि मध्येच तुटला. मग काहीच नाही. यार्डातलं इंजिनसुद्धा गप्प झालं.

दुधाच्या दोन पिशव्या घेतल्या आणि त्या काखेत धरून मी घरापर्यंत धावतच गेले.

घरी मी सगळं सांगितलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मी बूट घातले तेव्हा बुद्धभूषण दारात आडवा उभा राहिला. "वेडी आहेस का?"

"असेन," मी म्हणाले. "पण इतक्या दिवसांत एकच जण मला थांबू नको म्हणालं. ते कोण होतं हे माहीत नाही. तरी म्हणालं ना?"

मग त्यानं चप्पल पायात सरकवली आणि आठवडाभर भिंतीच्या टोकाशी येऊन उभा राहिला.

चौथ्या दिवशी दुधाच्या दुकानापाशी उजेडात एक पोरगा वाट बघत होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मी ओळखलं आणि मागं सरकले.

"ताई, माफ करा," तो म्हणाला. मराठीत! "मी तेजस. बिदरचा आहे."

माझ्याच भाषेतला निघाला, याचा राग मला जास्त आला. "आता ताई? आणि तेव्हा?"

त्यानं मान खाली घातली.

"तुम्ही निघून गेलात," तो म्हणाला. "मग भिंतीकडून एक बाई आली. आमच्याजवळ थांबली. एवढंच विचारली..." त्यानं भिंतीच्या दिशेनं पाहिलं. "'कां तक आते?' कुठवर येता, म्हणून. हळू... आई विचारते तसं."

"कशी होती? चेहरा?"

"चेहरा दिसला असता तर बरं झालं असतं, ताई."

त्याचा दोस्त गावी परत गेला म्हणे. स्कूटर विकून टाकली. मी तेजसला माफ केलं की नाही, मलाच माहीत नाही. पण आता तो भिंतीच्या तोंडाशी चहाच्या गाडीवर काम करतो, आणि बायका धावत आल्या की बाजूला होऊन जमिनीकडं बघत उभा राहतो.

हो, बायका. पुढच्या महिन्यात ऑफिसातली सुजाता आली. मग चिक्कडपल्लीहून त्रिवेणी आणि तिची जाऊ गीता, साडीवर बूट घालून. आता आम्ही अकरा जणी आहोत. साखर उतरली. परवा पहिल्यांदा मी न थांबता दहा किलोमीटर धावले आणि रस्त्यातच मोठ्यानं हसले. माझं असं हसणं मीच किती वर्षांनी ऐकलं.

भीती गेली का म्हणता? एक सांगते. गोदामांपाशी चार कुत्री असतात. आम्हाला बघून उठतात, शेपट्या हलवतात, वाट देतात. पण आम्ही सगळ्या पुढं गेल्यावरही ती बसत नाहीत. शेपट्या पोटाशी घेऊन उभीच राहतात, आणि मग चौघांच्या माना एकदम, सावकाश, भिंतीच्या कडेनं वळत जातात... कुणीतरी समोरून जावं तशा.

आणि काल संध्याकाळी, ऑफिसातून घरी येताना, माझ्या गल्लीतलं कुत्रं जिन्यातून उठून बाजूला झालं. मी वर गेले. चौथ्या पायरीवरून वळून पाहिलं.

ते अजून बाजूलाच उभं होतं.