बारा युकुलेले आणि एक सही

वेल्ह्याच्या स्टँडवरून भोरची एसटी सुटायला आली होती. शेजारच्या सीटवर युकुलेले, म्हणजे चार तारांचं छोटं गिटार, ठेवून मी एकटीच धुमसत बसले होते. एक उंच, सावळा मुलगा आला.

"हितं कुणी बसलंय का?"

"हे बसलंय. पण काही कामाचं नाही. घ्या मांडीवर!"

त्यानं खरंच घेतलं. आणि हसला... हसू बरं होतं, पण तेव्हा मला कौतुक करायचं नव्हतं.

मी नूतन, वेल्ह्याजवळच्या एका शाळेत शिकवते. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी मुलींसाठी बारा युकुलेले दिली. एका मोठ्या गिटार कंपनीची, पण सगळ्यात स्वस्तातली. नाव मोठं, लक्षण खोटं! तार मोकळी छेडली की गोड वाजते. दांडीवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीवर बोट दाबलं की सूर चढलाच. पट्ट्यांची टोकं पोरींच्या बोटांना खरचटायची ते वेगळंच. आणि पुढच्या शुक्रवारी स्नेहसंमेलन. भोरला कुणी दुरुस्त करतं का, ते बघायला एक घेऊन निघाले होते.

"आत चिठ्ठी आहे बघा," मी म्हणाले. "'तपासले, ओके.' खाली सही. हा शहाणा एकदा भेटू दे मला, कानाखाली सूर काढते त्याच्या!"

तो चिठ्ठीकडे बघत राहिला. गाडी सुटली तरी बघतच होता.

"काढा मग," तो म्हणाला. "सही माजीच हाय."

मी गार पडले.

त्याचं नाव सम्राट. राहायला भोरला, कामाला नसरापूरजवळ कंपनीच्या गोदामात. बहिणीला भेटून परत निघाला होता.

"एका नगाला एक मिनिट मिळतं, मॅडम. मोकळ्या तारा छेडायच्या, मशीनवर सूर बघायचा, सही ठोकायची. बोट दाबून बघायला येळच न्हाई."

"मग सही कशाला करता?"

त्यानं पहिल्या पट्टीवर बोट दाबून तार छेडली, चढलेला सूर ऐकला. मग म्हणाला, "चुकलं माजं."

मला भांडायचं होतं हो! पण चूक माझीही होती. त्याच्या मांडीवर होतं ते माझ्या वर्गातल्या शिवानीचं युकुलेले. 'तुझा कान कच्चा आहे' म्हणून गेल्याच आठवड्यात मी तिला वाद्यवृंदातून काढलं होतं. पोर तेव्हापासून वर्गात बोलत नव्हती. मी हे त्याला सांगून टाकलं.

"म्हंजे पोरीला दोघांनीबी नापास केलं," तो हळूच म्हणाला. "रविवारी येतो मी."

आला. बारीक कानस घेऊन शाळेच्या ओट्यावर बसला. तारा वरच्या टोकाला ज्या पांढऱ्या तुकड्यात अडकतात, त्याच्या खाचा उथळ राहिल्या होत्या. एकेक खाच खोल करायची, सूर बघायचा, पुन्हा घासायचं. मी शेजारी बसून तारा धरत होते.

"जरा घट्ट धरा की," तो म्हणाला.

"तार का हात?"

कानसच थांबली त्याची... कान लाल झाले.

दुपारी शिवानीनं वाजवलं. अगदी सुरात! मी सगळ्या मुलींसमोर तिची माफी मागितली.

"बाई, मग मी परत येऊ?" एवढंच विचारलं तिनं. मला रडूच आलं.

कंपनीला पाठवायची तक्रार माझ्या पर्समध्ये तयार होती. मुली गेल्यावर मी ती बाहेर काढली.

"फाडून टाकते. तुमची नोकरी जाईल."

"न्हाई, पाठवा. ह्ये नग अजून कुठं कुठं गेलेत. माजी सही हाय, त्येबी लिवा."

"वेडे आहात का?"

"तुमी मला लई आवडता," त्यानं कानस पुसत सांगितलं. "माज्यापायी तुमी गप बसावं... ह्ये न्हाई चालायचं."

मी तक्रार पाठवली. सहीचंही लिहिलं.

स्नेहसंमेलनात बाराही युकुलेले सुरात वाजली. तक्रार पाठवल्यावर तीन आठवड्यांनी तो शाळेच्या फाटकात उभा. कंपनीनं तो सगळा माल परत मागवला होता. त्याला तपासणीवरून काढून खोकी भरायला लावलं होतं.

"पगार कमी झाला," तो म्हणाला. "आईला सगळं सांगितलं. तुमच्याबद्दलबी."

"काय सांगितलं?"

"पोरगी तापट हाय, खरं बोलती. आता... तिला मी चालतो का, त्येवढं इचारायचं ऱ्हायलंय."

"चालता," मी म्हणाले. "रविवारी भोरला येते. आईंना भेटायला."