वेशीवरचं घड्याळ

मधली सुट्टी सोडून सातवी ‘ब’ प्राचीन नगरातल्या गटारांवरून भांडत होती, तेव्हाच मला संशय आला. माझ्या इतिहासाच्या तासाला ही मुलं डोळे उघडे ठेवून झोपतात.

"नव्या कॉम्प्युटर सरांचा गेम आहे, बाई," एकजण म्हणाली. "गटार चुकलं की राजा बुडतो."

वळले, तर सर दारातच. हातात वायरींचा गुंता, चेहऱ्यावर हसू... माझ्याकडे बघून हसणारा माणूस मला मुळातच संशयास्पद वाटतो.

मुख्याध्यापिकांनी गेम तपासायला मलाच बसवलं. एक जरी चूक निघाली, तर गेम बंद. नाही निघाली, तर माझे तास त्याच्याकडे. मी बाह्या सरसावून बसले. तो मागे उभा.

विटा बरोबर. कोठारं बरोबर. बैलसुद्धा निर्दोष. म्हणजे हा नक्की काहीतरी लपवतोय!

मग नगराची वेस आली. द्वारपाल एक बाई — कमरेवर हात, एक भुवई वर. मी उत्तर दिलं, तर म्हणते कशी, "कशावरून?"

वर्गात दिवसभर मी हेच म्हणते. शिवाय तिच्या उजव्या मनगटावर घड्याळ होतं. तबकडी आतल्या बाजूला... अगदी माझ्यासारखी.

"सापडलात!" मी ओरडले. "चार हजार वर्षांपूर्वी घड्याळ?"

"काढून पाहिलं होतं," तो पुटपुटला. "पण मग ती — तुमच्यासारखी दिसेना."

"माझी टिंगल करता?"

"छे हो! तिला पटवल्याशिवाय आत जाता येत नाही. पोरं जातात. मीच आल्यापासून वेशीबाहेर उभा आहे."

मला एकदम उकडायला लागलं. पंखा तर चालू होता.

"म्हणजे तुम्हाला मी... कशावरून?"

"गेम बंद पडेल हे माहीत होतं. तरी घड्याळ ठेवलं. याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही."

पुरावा तपासायलाच हवा. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. अस्सल निघाला, काय करणार!

"घड्याळ काढा," मी म्हणाले. "खरं हे इथे आहे, हवं तेव्हा बघा. आणि तास दोघं मिळून घेऊ. वेशीवर मी लागणारच."

त्याने गेममधलं घड्याळ काढलं आणि माझ्या मनगटाकडे बघत बसला. घंटा झाली, तरी वेळ काही कळली नाही.

दारात मुख्याध्यापिका. "सापडली का चूक?"

"गेममध्ये आता नाही. करणाऱ्यात आहे," मी म्हणाले. "संध्याकाळी चहाला नेऊन दुरुस्त करून बघते."