चुना जास्त झाला

वाघजाईच्या गडावर उजाडले तेव्हा, जिथे कधीकाळी चौकीपहारे बसत आणि जिथले गवतसुद्धा आता सरकारने राखीव ठरवले होते, त्या पडक्या बुरुजांखाली भोगरवाडीची दोनशे माणसे हातात विळे घेऊन उभी होती.

साल १९३०.

कायदा मोडायचा होता. गवत कापून.

शेतकरी संघाचा म्होरक्या हैबती शेलार त्यांच्यातच होता. फौजदाराने त्याला कधी पाहिले नव्हते. तो सापडला, तर त्याच्या हुकुमाची वाट पाहणारी पुढची बारा गावे जागीच थांबणार होती. म्हणून गावाने बेलभंडारा उचलला होता : हैबतीचे नाव तोंडातून निघणार नाही. पहिला हात आबाजी पाटलांचा.

"हैबती शेलार कोण?" शिपाई घेऊन आलेल्या फौजदाराने विचारले.

"मी!"

"मी!"

"माझं नाव लिवा, सायेब," म्हातारी सगुणा म्हणाली. "तुरुंगात दोन वेळ भाकर तरी मिळंल."

माणसे हसली. फौजदारही हसला. मग त्याने पाटलांकडे पाहिले.

नुसते पाहिले.

सात पिढ्यांची पाटीलकी. आठवड्यापूर्वी फौजदाराने वाड्यावर येऊन बजावले होते : म्होरक्या द्या, नाहीतर वतन खालसा.

कुठल्याही कार्याच्या आरंभी मानाचा विडा पाटलाने म्होरक्याला द्यावा, ही गावाची रीत. पाटलांनी तबक उचलले. रांगेतून एकेकाला ओलांडत ते चालले.

थांबले.

"घ्यावा. मान आपला."

नाव नाही. एक अक्षर नाही.

हैबतीने विड्याकडे पाहिले. फौजदाराकडे पाहिले. नाकारला असता, तर विडा शेजारच्या केरबाकडे गेला असता, आणि बेड्याही.

त्याने विडा तोंडात टाकला. सावकाश चावला.

"चुना जास्त लावलात, पाटील."

आणि शिपाई पोहोचायच्या आत वाकून त्याने गवताची पहिली मूठ कापली. मागोमाग दोनशे विळे चालले.

बारा गावे वाट पाहत राहिली. हुकूम आला नाही. हैबती येरवड्यातच तापाने गेला.

पाटीलकी राहिली. आबाजी पाटील चावडीवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात माणसे थांबवून विचारीत, "माझ्या तोंडून नाव निघालं का? सांगा!"

एकदा विहिरीवर त्यांनी हैबतीच्या बायकोलाच विचारले.

यसूबाईने घागर डोक्यावर घेतली.

"न्हाई निघालं, पाटील. निघालं असतं, तर तुमच्याशी भांडता तरी आलं असतं."