मागच्या सीटवरचं वजन

तंबू उभारून पाहिला होता, स्टोव्ह पेटवून पाहिला होता आणि आठवडाभर जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा नकाशेच जास्त पसरले होते. उद्या पहाटे निघायचं होतं.

उस्ताद मोटरसायकली दुरुस्त करायचा. कामाला वाघ, पण शब्दाला कच्चा. धाकटी लेक शाळेत असताना त्याने तिला कबूल केलं होतं की, इतिहासाच्या पुस्तकातली लढाईची मैदानं आपण गाडीवरून बघू आणि रात्री तिथेच तंबू ठोकू. त्यानंतर कधी गिऱ्हाईक आडवं आलं, कधी पाऊस, कधी उस्तादाची कंबर. आता पुढच्या महिन्यात धाकटी नोकरीसाठी परदेशी चालली होती. सहल आत्ता झाली नाही तर कधीच नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून ते कोणी बोलून दाखवत नव्हतं.

दुपारच्या चहानंतर गॅरेजमध्ये एकच काम उरलं होतं. दोघं बसल्यावर गाडी मागून किती दबते ते बघायचं आणि त्या मानाने शॉकअपची स्प्रिंग घट्ट करायची. उस्ताद पुढे बसला, धाकटी मागे. गाडी इतकी दबली की मडगार्ड टायरला टेकायचंच बाकी राहिलं.

“काय खातेस काय तू?”

“मला नावं ठेवू नका. आधी पुढे सरका. मला जागाच नाहीये.”

“आणखी सरकलो तर टाकीवर चढेन.”

“मग आपल्या मधे काय ठेवलंय? केव्हाचं गुडघ्याला लागतंय. गार आहे... आणि ओलं.”

मधे काहीच ठेवलेलं नव्हतं.

“उतर,” उस्ताद म्हणाला.

“काय झालं?”

“उतर म्हणतो ना!”

ती उतरली. तोही उतरला. गाडी वर आली, पण जेवढी यायला हवी होती तेवढी नाही. उस्ताद उकिडवा बसून बघू लागला. स्प्रिंग एखाद्या भरभक्कम माणसाच्या वजनाने दबावी तशी दबलेली होती. त्याच्या डोळ्यांदेखत ती किंचित करकरली आणि अजून जरा खाली गेली. कोणीतरी सावरून बसलं होतं. ग्रीसच्या वासात ओल्या मातीचा, गंजल्या लोखंडाचा वास मिसळला, आणि उस्तादाला एकदम आठवलं.

गेल्या रविवारी तंबूची जागा हेरायला तो लढाईच्या मैदानांपैकी सगळ्यात जवळच्या मैदानावर एकटाच गेला होता. नुसता गवताळ माळ, पडकी दगडी भिंत आणि कलतं ऊन. निघताना त्याने किक मारली आणि सवयीने विचारलं, “बसली का स्वारी?” बापलेकीचा हा शाळेच्या दिवसांपासूनचा शिरस्ता. धाकटी खांद्यावर थाप मारायची, मगच गाडी सुटायची. त्या दिवशी आपण एकटे आहोत हे विसरून त्याने विचारलं, थांबला, आणि थाप पडली. थाप पडली म्हणून तो निघाला, इतकी ती सवय अंगात मुरलेली. धाकटी तर घरी आहे, हे बऱ्याच वेळाने ध्यानात आलं, तेव्हा पिशवीचा पट्टा लागला असेल म्हणून तो स्वतःशीच हसला होता.

आता हसू येत नव्हतं.

“रद्द करताय ना?” धाकटीचा आवाज चिरका झाला. “दर वेळी काहीतरी निघतंच तुमचं.”

“रद्द नाही. गाडीत दोष आहे. एक चक्कर मारून येतो.”

“मी पण येते.”

“नाही!”

एवढ्या जोराने तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. त्याला स्वतःलाच वाईट वाटलं. पण मागची सीट त्याने पोरीसाठी राखली होती आणि तिथे दुसरंच कोणी बसलेलं असताना तिला घेऊन तो कुठेही जाणार नव्हता.

वाटेत तो पाठ ताठ ठेवून बसला. वळण आलं की मागचं वजन त्याच्याबरोबर कलायचं. मानेवर गार हवा लागत होती, तीही थांबून थांबून. रेल्वे फाटकाशी फाटकवाल्याने दांडा वर केला, मागच्या सीटकडे पाहिलं आणि म्हणाला, “त्या दादांना नीट धरायला सांगा हो. हात सोडून बसलेत.”

उस्तादाने मागे न बघता नुसती मान हलवली.

माळावर पोहोचला तेव्हा सूर्य टेकला होता. त्याने गाडी बंद केली.

“दादा... तुमचं ठिकाण आलं. उतरा.”

काहीच झालं नाही. गवतसुद्धा हललं नाही. भीती होतीच, पण आता त्याला कीवही आली.

“घरी जायचं असेल ना तुम्हाला? पण माझी एवढीशी गाडी... आणि ही जागा माझ्या पोरीची आहे. तो बघा रस्ता. माझ्या दारावरूनच पुढे जातो. चालत निघालात तरी पोहोचाल... कोणी अडवणार नाही.”

स्प्रिंग करकरली. गाडी सावकाश वर आली. उस्तादाचा जीव भांड्यात पडला. या वेळी तोंडातून चकार शब्द न काढता त्याने गाडी पिटाळली.

फाटक पार करताना त्याने आरशात पाहिलं. मागे ना गाडी ना माणूस. तरी फाटकवाला दांडा वर धरूनच उभा होता. त्याने टोपी काढली, बाजूला सरकला आणि रस्त्याकडे बघत राहिला. दांडा काही खाली आला नाही. त्यानंतर उस्तादाने आरशात पाहिलं नाही.

धाकटी दारातल्या फाटकापाशी उभी होती. तो थांबताच तिने एक टांग टाकली आणि मागे बसली. गाडी हवी तेवढीच दबली.

“झालं ना, बाबा?”

“झालं. पहाटे निघायचं.”

तिने मागून त्याला घट्ट मिठी मारली. उस्तादाचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो शब्दाला जागणार होता.

मग मिठी सैल झाली. धाकटी खाली उतरली, दोन पावलं मागे गेली आणि तिने फाटकाचं दुसरं दारही सताड उघडलं.

“अगं, गाडी आत यायला एक दार पुरे आहे.”

तिचं लक्ष नव्हतं. ती रस्त्याकडे बघत होती, पाहुण्यांकडे बघावं तशी, हसून.

“आत या ना,” ती म्हणाली. “एवढे सगळे जण... अंधारात कुठे चालत जाणार?”